पाते, पाणी आणि किंमत

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सिल्यान तळ्याच्या काठी मोरा नावाचे छोटे शहर आहे. त्याला लागून असलेल्या ओस्टनोर गावात १८९१ साली, अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेल्या फ्रॉस्ट एरिक एर्सनने ओंडके वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. गाड्यांबरोबर सुऱ्याही निघू लागल्या आणि पुढे नाव झाले ते सुऱ्यांचे. १९१२ मध्ये त्याच गावात दुसरा सुरी कारखाना उभा राहिला. हे दोन शेजारी-प्रतिस्पर्धी २००५ मध्ये एक झाले. आज ‘मोराक्नीव’ या नावाने जगभर जाणाऱ्या त्यांच्या मालात ‘कम्पॅनियन’ नावाची एक साधी सुरी आहे. प्लॅस्टिकचे म्यान, रबरी पकडीची मूठ, दहा सेंटिमीटरचे पाते, आणि अमेरिकेत किंमत वीस डॉलरच्या आसपास. स्वीडनमध्ये अशा सुऱ्या जितक्या भटक्यांच्या पाठपिशवीत, तितक्याच सुताराच्या आणि बांधकामावरच्या कामगाराच्या कमरेला दिसतात.

डोंगरात, रानात, तळावर वापरायच्या न दुमडणाऱ्या सुरीची पारख शिकायची तर सुरुवात या सुरीपासून करावी, असे माझे मत आहे. दुकानदाराने आणि जाहिरातींनी आपल्याला शिकवलेल्या बहुतेक कसोट्यांवर ती सपशेल नापास होते, आणि तरीही काम चोख करते. पाते जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. पोलाद अगदी साधे. पात्याची मुठीत शिरणारी शेपटी, जिला सुरीवाले टँग म्हणतात, ती मुठीच्या टोकापर्यंतही पोहोचत नाही. मग दहापट किमतीची सुरी समोर आली की विचारायचे एवढेच: या वीस डॉलरच्या सुरीपेक्षा ही नेमके काय जास्त देते, आणि ते मला कधी लागणार आहे का?

ग्राहक पहिल्यांदा अडकतो तो पोलादाच्या नावात. कम्पॅनियनच्या स्टेनलेस पात्याचे पोलाद १२सी२७ या नावाचे आहे. त्यात कार्बन सुमारे ०.६ टक्का आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. ते मूळचे सँडविक या स्वीडिश उद्योगाचे. त्याचा संस्थापक गोरान फ्रेड्रिक गोरान्सन याने १८५८ मध्ये बेसेमरची पोलाद बनवण्याची पद्धत धंद्याला परवडेल अशी चालवून दाखवली होती. सुऱ्यांच्या शौकिनांच्या गप्पांत १२सी२७ चे नाव आदराने निघत नाही. तिथे पावडरीपासून बनवलेल्या, व्हॅनेडियम घातलेल्या महागड्या पोलादांची चर्चा चालते. पण पोलादाचे नाव म्हणजे फक्त मालमसाल्याची यादी. त्या यादीचे पुढे काय झाले, हे पात्यावर कोरलेले नसते.

पुढे होते ते असे. साधे कार्बन पोलाद आठशे अंशांच्या वर तापवले की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश निवू दिले तर तो पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊच राहते. तेलात किंवा पाण्यात झटकन बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि लोखंडाची स्फटिकरचना ताणलेल्या स्थितीत जखडली जाते. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आपला लोहार या सगळ्याला ‘पाणी देणे’ म्हणतो. नुसते पाणी दिलेले पाते कमालीचे कडक असते, पण दगडावर पडले तर काचेसारखे तुटू शकते. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवतात. थोडा कडकपणा जातो, बराच चिवटपणा येतो. स्टेनलेसला पहिली आच हजार अंशांच्याही वरची लागते आणि तिथे वीस-तीस अंशांची चूकही निकालात दिसते. गावच्या भट्टीत केवळ डोळ्यांनी रंग पाहून स्टेनलेसला नीट पाणी देणे जवळपास अशक्य आहे. साध्या पोलादाला देणारे कसबी लोहार मात्र आजही आहेत.

हा कडकपणा मोजतात रॉकवेल सी या मापात. ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या अमेरिकी मंडळींना त्या यंत्राचे पेटंट १९१९ मध्ये मिळाले. बाहेर वापरायच्या सुऱ्या साधारण ५५ ते ६१ च्या दरम्यान असतात. मोराचे स्टेनलेस पाते ५६ ते ५८, कार्बन पोलादाचे त्याहून थोडे वर. आता अमेरिकेतल्या बक कंपनीकडे पाहा. ती वर्षानुवर्षे ४२०एचसी हे स्वस्त पोलाद वापरते. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. कागदावर ते कुणालाही नमवणार नाही. पण पॉल बॉस या उष्णता-प्रक्रियेतल्या नामांकित कारागिराची पद्धत वापरून बक ते ५८ पर्यंत नेते, आणि त्या सुऱ्या पिढ्या बदलल्या तरी विकल्या जातात. उलट भारी नावाचे पोलाद घाईत तापवलेले असेल, तर ते नाव फक्त पावतीवर कामाला येते.

काही नावे तर नावेही नसतात. ‘सर्जिकल स्टील’ असे लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ स्टेनलेसची कुठली तरी जात, एवढाच. नुसते ‘४४०’ लिहिले असेल तर पुढचे अक्षर कुठे गेले ते विचारावे. ४४०ए, बी आणि सी यांच्यातला कार्बन पाऊण टक्क्याच्या खालपासून सव्वा टक्क्याच्या जवळपर्यंत पसरलेला आहे. सी असते तर विक्रेत्याने ते अभिमानाने छापले असते.

पोलाद चांगले असणे म्हणजे काय, याचे एक उत्तर नाही. तीन गुण एकमेकांना ओढत असतात. कडकपणा वाढवला की धार दुमडत नाही, पण चिवटपणा घटतो आणि धारेचे कपचे उडतात. झिजेला विरोध वाढवायचा तर पोलादात कार्बाइडचे कठीण कण हवेत, आणि कण वाढले की चिवटपणा पुन्हा घटतो. शिवाय ते पोलाद घासायला जिवावर येते. इंग्लंडमध्ये शेफील्डला कॅट्रा ही छुरीकाट्यांच्या धंद्याची संशोधन संस्था आहे. तिच्या यंत्रात सिलिका मिसळलेल्या कागदाचे गठ्ठे पात्याच्या धारेवर दाबतात आणि धार किती कागद कापून थकते ते मोजतात. व्हॅनेडियमवाली पोलादे तिथे पहिल्या रांगेत बसतात. पण व्हॅनेडियम कार्बाइड हे बाजारातल्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पाथरापेक्षा कठीण असते. म्हणजे अशी सुरी रानात बोथट झाली तर जवळ हिऱ्याची पट्टी हवी. मोराला मात्र ओढ्यातल्या एखाद्या बारीक कणाच्या गुळगुळीत गोट्यावरही कामापुरती धार लागते. अमेरिकी धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचे ‘नाइफ इंजिनिअरिंग’ हे २०२० चे पुस्तक या सगळ्या ओढाताणीचे आकडे देते. माझ्या मते सुरीवर पाच-सहा हजार रुपये घालवण्याआधी वाचण्याजोगे ते एकच पुस्तक आहे.

आता जाडी. इथे बाजार ग्राहकाला सर्वांत सहज फसवतो, कारण जाडी हातात घेताच कळते आणि वजन म्हणजे दर्जा असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पाच मिलिमीटरचे पाते अडीच मिलिमीटरच्या पात्यापेक्षा आठपट ताठ. ऐकायला छान. पण कापणे म्हणजे पदार्थात पाचर घुसवणे, आणि जाड पाचर अडते. पाच मिलिमीटरच्या सुरीने गाजर कापून पाहा: ते कापले जात नाही, तडकते. धारेच्या लगेच मागे पाते किती पातळ आहे, यावर सुरीचे कापणे ठरते. पाठीची जाडी त्यानंतर येते. चांगला कारागीर पाठ जाड ठेवूनही धारेपर्यंत उतार लांब आणि सपाट काढतो. त्याला घासायला वेळ लागतो, वेळेचे पैसे पडतात. स्वस्त जाड सुरीत ही मेहनत वाचवलेली असते. वरून रुंद पट्टी आणि खाली घाईने काढलेली आखूड धार, छिन्नीची असते तशी.

हा वाद जुना आहे. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा अमेरिकी भटका ‘नेसमक’ नावाने लिहायचा. त्याने १८८४ च्या पुस्तकात पातळ पात्याचा पुरस्कार केला. होरेस केफार्टने १९०६ मध्ये तेच सांगितले: शिकाऱ्याच्या पोशाखी, जाड सुऱ्या शोभेच्या, तळावर हवी ती साधी आणि पातळ. मग १९८२ मध्ये ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला. रॅम्बोच्या हातातली ती दातेरी पाठीची, पोकळ मुठीची प्रचंड सुरी आर्कान्सासच्या जिमी लाइल याने बनवली होती. ती स्वतः दणकट होती. तिच्या ज्या नकला जगभर, आपल्या जत्रांपर्यंत पोहोचल्या, त्यांच्यात पाते मुठीत शिरतच नसे. एका आखूड तुकड्यावर नटाने आवळलेले असे. मुठीत गळ, दोरा, काडेपेटी ठेवायला जागा होती, फक्त सुरी राहायला नव्हती.

त्या पोकळ मुठींच्या कटू अनुभवातून बहुधा उलटे टोक गाठले गेले, आणि आज पूर्ण टँगचा आग्रह धर्मासारखा झाला आहे. पाते मुठीच्या संपूर्ण रुंदीने शेवटपर्यंत गेले पाहिजे, नाहीतर सुरी खेळण्यातली. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी वापरलेली का-बार सुरी अरुंद टँगवर चामड्याच्या चकत्या ओवून बनवलेली होती. नेपाळची खुकरी पारंपरिक घडणीत एका निमुळत्या शेपटीवर, राळेसारख्या लुकणाने मुठीत बसवलेली असते, आणि तिने लाकडे फोडणे हे घरोघरचे काम आहे. आपल्याकडचे कितीतरी कोयतेही असेच. टँग मुठीत शिरते तिथे काटकोनी खाच न ठेवता गोलाई ठेवली आहे का, हे रुंदीपेक्षा महत्त्वाचे, कारण ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि सुरी तिथूनच मोडते. दुर्दैवाने ती जागा मुठीखाली झाकलेली असते. कॅनडातले रानविद्येचे गुरू मॉर्स कोचान्स्की विद्यार्थ्यांना सांगत की सुरी झाडात ठोकून तिच्यावर उभे राहता आले पाहिजे. तेच कोचान्स्की स्वस्त मोरा सुरीचे मोठे पुरस्कर्ते होते. यात विरोध वाटेल, पण रुंद, आखूड आणि नीट ठोकलेले पाते बरेच सोसते.

तरीही मोराला मर्यादा आहेत, आणि त्या कळण्यासाठी तिची जोडीदारीण आठवावी लागते. स्कँडिनेव्हियात सुरी कधी एकटी नसते, कुऱ्हाड बरोबर असते. फोडणे, तोडणे कुऱ्हाडीने. सोलणे, तासणे, मासा साफ करणे सुरीने. कोकणातला माणूस आकडीला कोयता अडकवून रानात जातो, त्याच्या सुरीलाही पातळ राहण्याची मुभा आहे. कुऱ्हाड किंवा कोयता न घेता एकाच पात्यावर सगळे काम काढायचे असेल, म्हणजे पाठीवर दांडका मारून ओंडका चिरायचा असेल, तेव्हा मात्र जाडी आणि पूर्ण टँग यांना पैसे मोजण्यात अर्थ आहे. स्वीडनच्याच फॉल्क्नीवेन कंपनीची एफ१ सुरी १९९५ पासून तिथल्या हवाई दलाच्या वैमानिकांना दिली जाते. पाते साडेचार मिलिमीटर जाड, टँग रुंद आणि मुठीबाहेर किंचित डोकावणारी. विमान पाडले गेल्यावर बर्फात उतरलेल्या माणसाकडे कुऱ्हाड नसते. ती सुरी जपानमधल्या सेकीत बनते आणि मोराच्या आठ-दहा पट किमतीला पडते. त्या वैमानिकाच्या दृष्टीने ती महाग नाही. रविवारी राजमाचीला जाऊन कांदा आणि काकडी चिरणाऱ्यासाठी ती महागही आहे आणि वाईटही.

पात्याचा कस लावायचा एक देखणा मार्ग अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीने घालून दिला. १९७६ मध्ये बिल मोरन आणि सोबत्यांनी ती स्थापली. तिच्या ‘जर्नीमन’ पदवीसाठी लोहाराने स्वतः घडवलेल्या एकाच सुरीने चार गोष्टी करायच्या. लटकत सोडलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. दोन बाय चारची लाकडी पट्टी दोन वेळा आरपार तोडायची. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे. आणि शेवटी पाते शिकंज्यात पकडून काटकोनात वाकवायचे. मोडले की नापास. परीक्षेची गंमत तिच्या क्रमात आहे. धार टिकण्याइतकी कडक हवी आणि पाठ वाकण्याइतकी मऊ. हे सहसा जमते ते फक्त धारेलाच कडक पाणी देऊन. नेपाळी लोहार तापलेल्या खुकरीच्या धारेवर किटलीने पाणी ओततो, तो याच विद्येचा साधा आविष्कार. कारखान्यातल्या सुऱ्या आरपार एकसारख्या कडक असतात, त्यांच्याकडून काटकोनाची अपेक्षा करू नये.

ग्राहकाला शिकंजा वापरता येत नाही, पण डोळे वापरता येतात. सुरी टोकाकडून डोळ्यांसमोर धरून पाठ सरळ आहे का पाहावे. वाकडे पाते पाणी देताना वाकलेले असते आणि ते तसेच विकणारा कारखाना बाकीही सैल असतो. दोन्ही बाजूंचे उतार एकाच जागी सुरू होतात का, मूठ आणि पाते यांच्या सांध्यात नख शिरते का. धार उजेडात सरळ वरून पाहावी. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट किंवा कपचलेली असते. दुकानात कागद कापून दाखवण्याला मी काहीच किंमत देत नाही. मऊ लोखंडालाही कागद कापण्याइतकी धार पाच मिनिटे राहते. घरी आणल्यावर मात्र वाळलेली बाभूळ किंवा सुक्या बांबूची गाठ तासावी आणि मग पुन्हा ती पांढरी रेघ शोधावी. धार दुमडली असेल तर पाते मऊ, कपचे उडाले असतील तर फार कडक किंवा फार पातळ. निकाल देण्याआधी दोन-तीनदा धार लावून पाहावे, कारण कारखान्यात पट्ट्यावर घाईने धार काढताना टोकाचे बारीक पोलाद भाजून मऊ पडलेले असू शकते. खालचे चांगले असते.

मुठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अंडाकृती हवी, गोल नको, आणि अर्धा तास तासल्यावर फोड आला तर बोटांच्या खाचा कितीही सुंदर असोत, त्या दुसऱ्याच्या हातासाठी कापलेल्या आहेत.

किंमत कशाची असते? पोलादाच्या पट्टीची फार थोडी. खरे पैसे जातात घासण्याच्या श्रमात, पाणी देण्याच्या काळजीत, म्यानात, आणि कंपनीच्या हमीत. काही अमेरिकी कंपन्या सुरी कुणीही, कशीही मोडली तरी बदलून देतात आणि त्या उदारपणाचा खर्च पहिल्याच बिलात असतो. मोराचीच ‘गारबर्ग’ ही सुरी कम्पॅनियनच्या साधारण पाचपट किमतीची आहे. पूर्ण टँग, ३.२ मिलिमीटरचे पाते, गंजाला जास्त दाद न देणारे १४सी२८एन पोलाद, ठिणग्या पाडायला काटकोनी पाठ. या प्रत्येक गोष्टीला उपयोग आहे. पण कापण्यात ती पाचपट नाही. भाजी चिरताना तर धाकटीच पुढे जाते. त्यापलीकडे किंमत वस्तूची न राहता नावाची होते. कॅलिफोर्नियाचे सुरी-कारागीर बॉब लव्हलेस २०१० मध्ये वारले. त्यांच्या सुऱ्या हजारो डॉलरना विकल्या जातात आणि बहुतेकांनी कधी दोर कापलेला नसतो. तो संग्रहाचा बाजार आहे, टपाल तिकिटांचा असतो तसाच प्रतिष्ठित.

लहरदार नक्षीच्या ‘दमास्कस’ सुऱ्यांना मात्र प्रतिष्ठेचा फायदाही सहसा मिळत नाही. दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून पाते आम्लात बुडवले की एक काळे पडते आणि निकेल असलेले उजळ राहते. नक्षी दिसते ती त्या फरकामुळे. थर चांगल्या पोलादांचे असतील तर पाते चांगले. पण आम्ल कडकपणा ओळखत नाही, साध्या मऊ लोखंडावरही तीच नक्षी तितकीच सुरेख उमटते. पोलादांची नावे आणि कडकपणाचा आकडा न देणाऱ्या विक्रेत्याकडून असे पाते भिंतीसाठी घ्यावे.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. कार्बन पोलादाचे पाते धार सुंदर घेते, पण कोकणातल्या जुलैत चामड्याच्या म्यानात ठेवले तर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. कैरी किंवा कोकम कापून तसेच ठेवले तर काळे पडते. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे आणि या निर्णयाबद्दल शौकिनांची माफी मागू नये. कार्बन हवेच असेल तर खोबरेल तेलाचा पुसटसा हात आणि प्लॅस्टिकचे म्यान. कायदाही एकदा पाहून घ्यावा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांत मोडते. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. मोरा किंवा एफ१ सारख्या सुऱ्या त्या मापाच्या बऱ्याच आत बसतात.

जुनी सुरी विकत घेण्यात कमीपणा नाही. चांगले पाणी दिलेले पाते वापराने बिघडत नाही, फक्त अरुंद होते. पाहायचे ते धार कुणी आणि कशावर लावली ते. हाताने पाथरावर घासलेल्या पात्याचे ओरखडे एका दिशेने, सावकाश कमी होत गेलेले असतात. चाकाच्या ग्राइंडरवर, पाणी न शिंपडता दाबलेल्या पात्यावर धारेजवळ रंग चढलेला दिसतो. साधे कार्बन पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळे होते, तीनशेच्या सुमारास निळे. स्टेनलेसवर हेच रंग जरा जास्त आचेला उमटतात. पिवळ्याने फारसे बिघडत नाही. निळी झाक असेल तर तेवढ्या पट्टीचे पाणी उतरलेले असते. ती पट्टी पूर्ण घासून काढावी लागेल, आणि त्यात पात्याची किती रुंदी जाणार आहे ते पाहून भाव करावा.